चारशे अठरा फुल्या

९ फेब्रुवारी

किटलीची खरी किंमत एकदा मांडून ठेवतो, म्हणजे घरात पुन्हा वाद नको. नवी किटली साडेचारशे. आधीची, जिचं बूड जळून गळालं, तिचे मोडीत आले बारा. शेगडीवरचा काळा डाग घासण्यात हिची अख्खी सकाळ गेली. चहा हुकला म्हणून मी बाहेर प्यालो, त्याचे वीस. शिवाय हिचा अबोला, दोन दिवस. त्याची किंमत मला लावता येईना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो जमेच्या बाजूला धरा." पोरगं माझ्यावर गेलंय.

वर्षात ही तिसरी किटली. शिट्टीची घ्यायची आणि शिट्टी नेमकी वेळेला वाजायची नाही. ही म्हणते, "अहो, तुम्ही शेजारीच बसला होतात ना?" बसलो होतो, म्हणूनच सांगतो की वाजली नाही. हल्लीचा माल सगळा शोभेचा.

१२ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी कचेरीत बोलावलं. ताईच्या वस्तीमागची टेकडी दगडाच्या खाणीला द्यायची की नाही, याचा निकाल लावायचाय. नवा नियम आलाय: जंगल तोडायचं तर आधी त्याची किंमत काढा. नुसत्या लाकडाची नाही, ते जे जे देतं त्या सगळ्याची. पाणी, सावली, धरून ठेवलेली माती, डिंक, मधमाशा, पाखरं. वर्षाला किती देतं ते मांडायचं आणि अजून किती वर्षं देईल त्याने गुणायचं. उत्तर एक कोटीच्या वर गेलं, तर खाण पलीकडच्या उघड्या डोंगरावर जाणार. खाली राहिलं, तर टेकडी खाणीची.

समिती तिघांची. एक संशोधन करणारी मुलगी, दुसरा खाणवाल्यांचा माणूस, तिसरा मी. त्या दोघांचं जमलं नाही की माझा शब्द. साहेब म्हणाले, "दोन्ही बाजूंनी तुमचंच नाव सुचवलं." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

अकराव्या वर्षी लाकडाच्या वखारीत झाडू मारायला लागलो. बावीस वर्षं करवतीच्या यंत्रावर उभा राहिलो, मग स्वतःची वखार काढली. शिक्षण म्हणाल तर पाटीभर. पण खोडावर मोगरी मारायची आणि ऐकायचं, हे माझ्याइतकं कुणाला जमलं नाही. भरीव लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड बद्द बोलतं. चाळीस वर्षांत फक्त दोन खोडं चुकलो, त्यातलं एक सर्दीत. व्यापारी लांबून यायचे आणि म्हणायचे, तुमचे कान भाड्याने द्या. गेली सात वर्षं वखार चिरंजीव बघतात आणि मोगरी खुंटीला आहे. पण पोहणारा पोहणं विसरतो का?

१५ फेब्रुवारी

समितीची पहिली भेट, टेकडीच्या पायथ्याशी.

खाणवाला माणूस मला आवडला. गडगडीत, ढोलासारखा आवाज. एक शब्द दोनदा विचारावा लागत नाही. जो स्पष्ट बोलतो त्याच्या मनात काळंबेरं कमी असतं, हा माझा जन्माचा ठोकताळा. म्हणाला, "आमचा धंदा दगडाचा, बोलणंही दगडासारखं. रोखठोक."

ती मुलगी मात्र पुटपुटते. हिचं मी नाव ठेवलंय मोजणीबाई. सावलीत एक तापमापक, उन्हात एक. झऱ्याखाली बाटली धरून घड्याळ लावते. गळलेला पाला चौकटीत गोळा करून वजन करते. काम चोख आहे, मी नाकारत नाही. पण बोलते ओठांतल्या ओठांत, तेही दुसरीकडे बघत. मी म्हटलं, "बाई, पोटातून बोला, पोटातून." ती म्हणाली, "काका, मी ओरडतेय." एवढं मात्र ऐकू आलं.

परतताना पाण्याचा टँकर मागे घेताना मला घासून गेला. चालकाला खाली उतरवून झापला. मागे घेताना इशारा नको वाजवायला? तो माझ्याकडे बघतच राहिला. निर्लज्ज.

१८ फेब्रुवारी

ठोकायला सुरुवात. टेकडीवर मोठी झाडं चारशे एक्काहत्तर, बारक्यांना हात लावायचा नाही. सोबत मिस्त्री. बावीस वर्षं एकाच यंत्राच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उभे होतो. त्याचे कान त्यात ठार गेले, माझे तीक्ष्ण झाले. देणाऱ्याची वाटणी अजब असते. मिस्त्री ओठ वाचतो, हातवारे ओळखतो आणि स्वतः बोलतो ते गावाला ऐकू जाईल एवढ्याने. चालताना नेहमी माझ्या अर्धं पाऊल मागे. म्हणतो, "शेठ, मागून काही आलं तर तुमचे कान माझे."

काम असं: मी मोगरी मारतो, ऐकतो, बोट दाखवतो. पोकळ असेल त्याच्या बुंध्याशी वीतभर उंचीवर मिस्त्री पिवळ्या रंगाची फुली मारतो.

पहिल्याच झाडावर त्याने तळहात टेकवला आणि म्हणाला, "शेठ, हे भरलेलं आहे."

"कशावरून?"

"हाताला मुंग्या आल्या."

"झाड आहे, मुंग्या असणारच. फुली मार."

दिवसभर हसत होतो. बहिरा मला ऐकायला शिकवतोय.

दिवसअखेर बावन्न झाडं. सत्तेचाळीस पोकळ. मन खट्टू झालं. वरून बघावं तर केवढं रुबाबदार जंगल, पानगळीतसुद्धा अंगापिंडाने भरदार. ठोकून बघावं तर आतून गेलेलं. बडा घर, पोकळ वासा म्हणतात तसं.

२० फेब्रुवारी

मुक्काम ताईकडे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. टेकडीच्या झऱ्यापाशी तिचं दोन खोल्यांचं घर. या वयातही डिंक गोळा करते. झाडाला बारीक खाच देते आणि आठवड्याने जाऊन पिवळे मणी खुडून आणते. माझी पहिली वहाण त्याच डिंकाच्या पैशांची. आयुष्यभर धुरात राहून तिचा आवाज पुरुषासारखा घोगरा झालाय, त्यामुळे तिच्याशी गप्पा मारायला मजा येते. घरच्या बायकांसारखं कुजबुजत नाही.

"धाकट्या, काय लिहिणार आहेस?"

"जे असेल ते."

"मग हरकत नाही. जे आहे ते लिहिलंस तरी पुष्कळ झालं."

मी तिला म्हटलं, झाडं आतून पोकळ आहेत. ती हसली. "अरे, पोकळ झाडाला डिंक इतका सुटतो का?" मी म्हटलं, ताई, तुझं डिंकाचं तू बघ, लाकडाचं माझ्यावर सोड.

२३ फेब्रुवारी

अडीचशेच्या वर झाडं झाली. फुल्यांचा रंग संपला, नवा डबा आणला. मिस्त्रीचा हात थरथरायला लागलाय. बहुतेक प्रत्येक फुलीखाली रंगाचा एक थेंब. "रंग फुकटचा नाही," मी हाताने सांगितलं. तो नुसता हसला. आता तळहात टेकवतो, पण बोलत नाही. मी बोट दाखवलं की म्हणतो, "तुम्ही म्हणता तर पोकळ."

आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण अहवालात रकाना आहे. हे जंगल मुकं आहे. लहानपणी मी इथे डिंकाची टोपली धरायचो, तेव्हा पाखरांनी डोकं उठायचं. दुपारी किड्यांची किरकिर इतकी की कानात वाळू ओतल्यासारखं व्हायचं. आज तासभर खोडाला टेकून बसलो. वारा आणि माझा श्वास. एक कावळा ओरडला तेवढाच. जीव नसलेलं जंगल म्हणजे भाडेकरू सोडून गेलेली चाळ. वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी

झालं. एकूण चारशे एक्काहत्तर. फुल्या चारशे अठरा.

१ मार्च

खाणवाल्याने घरी घड्याळ पाठवलं. डब्यासकट परत केलं. फोनवर तोच हसला, "रागावू नका, आमची पद्धत आहे." मी म्हटलं, "आमची नाही." ही दारात उभी राहून ऐकत होती, काहीतरी म्हणाली. चिमणी, माझी सात वर्षांची नात, तीही काहीतरी म्हणाली. आमच्या घरात सगळ्यांना तोंडावर हात ठेवून बोलायची सवय. चिमणीला रोज सांगतो, ओठ दाखव, ओठ. नाहीतर मोठेपणी कुणी विचारणार नाही.

७ मार्च

ताई स्वतः दोन गाड्या बदलून घरी आली. कधी येत नाही.

म्हणाली, "वस्तीत बोलतात की तू पाखरं नाहीत असं लिहिणार आहेस."

"नाहीतच, ताई."

"अरे, पहाटे त्यांच्या कलकलाटाने मला झोप लागत नाही!"

"तुझी झोप वयाने गेलीय."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "धाकट्या, तुला कुणी काही दिलंय का?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो हिने. परत केलेल्या घड्याळाचं सांगितलं. तिने मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाली, पण चहा अर्धाच प्यायली.

मला तिचं कळतं. टेकडी गेली तर झऱ्याचं काय होईल याची तिला धास्ती आहे, डिंकही जाणार. पण म्हणून मी फुल्या पुसू? सख्ख्या बहिणीसाठी मापात पाप करणारा माणूस दुसऱ्यासाठी करणार नाही कशावरून? घड्याळवाल्याला एक माप आणि बहिणीला दुसरं, हे मला जमायचं नाही.

१९ मार्च

आज निकाल. नीट लिहून ठेवतो.

कचेरीची लांब खोली, पंखा, टेबलावर काच. मोजणीबाईंनी आकडे मांडले. झऱ्याचं पाणी, झाडाखाली आणि उघड्यावर सात अंशांचा फरक, उतारावरची माती, डिंक, मधमाशा आणि पाखरं यांच्यामुळे खालच्या फळबागांना धरणारी फळं. सगळं मिळून वर्षाला नऊ लाख. पाणी आणि सावलीचे आकडे मी जसेच्या तसे मान्य केले. माझ्यासमोर मोजलेले आहेत. खाणवाल्याने तोंड वाकडं केलं. करू दे.

मग प्रश्न, किती वर्षं? त्या म्हणाल्या तीस. मी म्हटलं, दहातली नऊ झाडं पोकळ आहेत. पोकळ झाड आठ वर्षांचा सोबती. त्या म्हणाल्या, पोकळ झाडसुद्धा शंभर वर्षं उभं राहतं. मी म्हटलं, पुस्तकात राहत असेल, मी मोडून पडलेली उचललीत. नऊ लाख गुणिले तीस म्हणजे दोन कोटी सत्तर. गुणिले आठ म्हणजे बहात्तर लाख. खोलीतल्या सगळ्यांनी हा गुणाकार मनात केलेला मला दिसला.

शेवटी पाखरांचा रकाना. मोजणीबाईंनी पिशवीतून ध्वनिमुद्रणाचं यंत्र काढलं. पहाटे टेकडीवर लावून ठेवलं होतं म्हणे. टेबलावर ठेवलं, कळ दाबली.

सगळे ऐकत बसले. मीही ऐकत बसलो. सुई हलत होती. घरघर, बहुतेक वारा. मला त्यांची कीव आली. रात्रभर जागून लावलेलं यंत्र आणि त्यात काही उमटलेलंच नाही. साहेब काचेकडे बघत होते. खाणवाला खाली मान घालून पेन फिरवत होता.

"बरं," मी म्हटलं, "यात फक्त वारा आहे."

मोजणीबाईंचे डोळे भरले. त्या माझ्यापुढे वाकून अगदी सावकाश, ओठ दाखवत म्हणाल्या, "काका, तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नाही?"

"बाई, मी कानांवर आयुष्य काढलंय. नसलेलं मला ऐकू येत नाही."

मी रकान्यात लिहिलं: पक्षी, कीटक – नाहीत. आयुष्य – आठ वर्षं. सही केली. त्यांनी वेगळं मत जोडलं, पण दोन विरुद्ध एक. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला सहन झालं नाही. हरलेल्याला जिंकणारा विकलेलाच वाटतो.

खाणवाला जिन्यात माझा हात दाबून म्हणाला, "कमाल आहे तुमची." आवाज नेहमीसारखा स्पष्ट होता. तरी तो काय म्हणाला ते मला नीटसं लागलं नाही.

४ मे

तोडणी सुरू. वीस दिवसांत संपवणार आहेत. खरं तर लाकूड बघायला जायला हवं होतं. गेलो नाही. पोकळ खोडं काय बघायची?

२९ मे

मिस्त्री सकाळीच दारात. "शेठ, तोडणी संपली. चला, बुंधे बघून येऊ."

"कशाला?"

"असंच. चाळीस वर्षांत दोन चुकलात म्हणता. तिसरा निघतो का बघू."

म्हातारा पैज लावायच्या रंगात होता. पण माझी कंबर धरली आहे. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं.

६ जून

मिस्त्री गेला.

८ जून

परवा लिहिता आलं नाही. आज लिहितो.

आम्ही टेकडीच्या नव्या रस्त्याने चढत होतो. तो माझ्या अर्धं पाऊल मागे, नेहमीसारखा. सावली कुठे नव्हती. रस्ता पांढरा, डोळे मिटायला लावणारा. मी त्याला वळून सांगत होतो की शेजारच्या गल्लीतल्या न्हाव्याने दाढीचे दर वाढवले. तो हसत होता. त्याच्या हसण्यामागून दगडाची गाडी उलटी येत होती, पण उन्हामुळे मला ती दिसेपर्यंत ती त्याच्यावर होती. मी ओरडलो. त्याला ओरडून काय उपयोग?

गाडीने मागे येताना इशारा दिला नाही. तसा मी पोलिसांत जबाब दिलाय. चालकाला सोडणार नाही.

११ जून

पोलीस अंमलदाराने पुन्हा बोलावलं. बाकीच्यांचे जबाब वेगळे आहेत म्हणे. खाणीवरचे मजूर, झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका, मिळून अकरा जण. सगळे सांगतात, गाडीचा इशारा वाजत होता, थेट वस्तीपर्यंत ऐकू येत होता. त्या बायकांत ताईही आहे.

मी म्हटलं, मालकाने पढवलंय. ताईचं नाव मनात आलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

अंमलदार तरणा माणूस, पण समजूतदार. मला अंगणात नेलं. गाडी तिथेच उभी होती. आत बसलेल्या शिपायाला त्याने हात केला. गाडी दोन हात मागे आली. मागचा लाल दिवा उघडझाप करायला लागला.

"आजोबा, आता वाजतोय का?"

"नाही."

अंगणातले सगळे थांबले. भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं. कोपऱ्यात एक बाई दोन्ही कानांत बोटं घालून उभी होती.

अंमलदाराने पुन्हा हात केला. दिवा विझला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्ची मागवली.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे अकरा होती, आणि ती एक बाई.

१६ जून

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या. आवाज आला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसलो. सुरुवातीला चार-पाचदा दाबलं. मग वाटलं, यंत्र बंद पडलं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे बरी चाललेली, मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. म्हणाले, करवतीच्या यंत्राचं देणं. पंचवीस वर्षं तरी हळूहळू चाललंय. एकदम गेलं असतं तर कळलं असतं.

"बारीक म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"बायकामुलांचं बोलणं बरंचसं. शिट्टी. घंटी. गाडीचा इशारा." त्यांनी रेघेचं खालचं टोक दाखवलं. "किडे. पाखरं."

"आणि भरीव लाकूड?"

"म्हणजे?"

"काही नाही," मी म्हटलं.

१९ जून

कागद घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, माझा अहवाल रद्द करा. माप तपासून घ्यायचं असतं, मी माझं तपासलं नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला. "आता रद्द केला तर खाण बेकायदा ठरेल, आणि झाडं तर परत यायची नाहीत. कशाला धुरळा? तुम्ही प्रामाणिक होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मोजणीबाईंचा पत्ता मागितला. त्या नोकरी सोडून गेल्या. साहेबांना पत्ता ठाऊक नव्हता.

जिन्यात मला खाणवाल्याचं ते वाक्य आठवलं. त्यालाही वाटलं होतं की मी विकला गेलोय, फक्त त्याच्याऐवजी त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलंय.

२ ऑक्टोबर

झरा मार्चात बाटली भरायला अकरा सेकंद घ्यायचा. आज ताईचा निरोप आला: कालपासून थेंब नाही. वस्तीतली चार घरं उठली. मी गाडी घेऊन गेलो आणि तिला आणलं. सामान म्हणजे एक पेटी, गादी आणि डिंकाची टोपली. टोपली कशाला, असं चिरंजीव म्हणणार होते. मी डोळ्यांनी गप्प केलं.

ताईला सगळं सांगितलं, कानाचा कागद दाखवला. तिने तो उलटा धरून पाहिला.

"म्हणजे मी कलकलाट म्हणत होते, तेव्हा तुला...?"

"नाही."

"अरे, मग मला विचारायचं होतंस."

"तू सांगत होतीस, ताई."

"हो," ती म्हणाली, "सांगत होते खरी."

त्यानंतर तो विषय तिने काढलेला नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

कानातलं यंत्र बसवलं. इतके दिवस टाळत होतो. चिरंजीवांनी धरून नेलं.

वर्तमानपत्र किती कडकडतं! हिच्या पायात चप्पल असते हे मला कळलं. किटली वाजते. भयंकर वाजते. मी दचकून उठलो, आणि ही पदराने डोळे पुसत हसायला लागली. ही कधीच कुजबुजत नव्हती. तिचा आवाज लग्नात होता तसाच आहे, फक्त थकलाय.

चिमणीला 'स' म्हणता येत नाही. घरात सगळ्यांना तीन वर्षांपासून माहीत आहे.

१४ डिसेंबर

सोमवारपासून टेकडीवरचे बुंधे उकरून काढणार आहेत, असं कळलं. म्हणून आज एकटा गेलो. मिस्त्रीने बोलावलं होतं, तेव्हाच जायला हवं होतं.

जिथे तो पडला तिथे खडी टाकलीय. पुढे चढलो. वर एका दगडावर बसून यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला आणि अर्धा तास ऐकलं. वाऱ्याची सुसू, माझ्या सदऱ्याची बाही घासल्याचा आवाज, खाली एक गाडी मागे येत होती तिचा इशारा. अकरा जण म्हणाले तसाच, थेट इथपर्यंत. दुसरं काही नाही. मार्चमध्ये मी रकान्यात जे लिहिलं, ते आता खरं आहे.

मग बुंधे बघायला उठलो. तोडणाऱ्यांनी गुडघ्याखाली कापलेत, त्यामुळे फुल्या तशाच आहेत, पिवळ्या, ठसठशीत. पहिल्या बुंध्याच्या कापावर हात फिरवला. तांबूस, घट्ट, मधोमध सुईइतकंही भोक नाही. खाली फुली. फुलीखाली तो रंगाचा थेंब. दुसरा, तिसरा. घट्ट, फुली, थेंब. दहाव्याला खाली बसलो आणि थेंब नीट पाहिला. ओघळलेला नव्हता. कुंचल्याचं टोक टेकवून दिलेलं टिंब होतं, प्रत्येक ठिकाणी फुलीच्या बरोबर खाली, एकाच मापाचं. त्याचा हात थरथरत नव्हता.

दिवस मावळेपर्यंत एकूण एक मोजले.

फुल्या चारशे अठरा. त्यांपैकी खरोखर पोकळ नऊ. आणि मिस्त्रीने टिंब दिलं नव्हतं अशाही नऊच. त्याच नऊ.